सोऱ्याचा थोरला भाऊ : सॉसेज भरायचं यंत्र, आठ महिन्यांनंतर

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात आमच्या शेजारी एक आजी राहतात. गेल्या वर्षी ईस्टरला त्यांच्याकडे 'बियावा क्येउबासा' खाल्लं. हे धुरी न दिलेलं पांढरं सॉसेज झुरेक नावाच्या आंबट सूपमध्ये घालतात. ती चव दुकानातल्या पाकिटात काही सापडेना, म्हणून घरी करायचं खूळ डोक्यात शिरलं. सुरुवातीला खिम्याच्या यंत्रालाच नळी लावून भरायचो. शेवटी वैतागून सप्टेंबरात तीन लिटरचं उभं, हाताने फिरवायचं भरणयंत्र घेतलं. सव्वातीनशे झ्लॉटी गेले. आजवर पंधरा-सोळा घाणे काढून झालेत.

आपला चकलीचा सोऱ्या आठवा, तसंच हे. वरून दट्ट्या दाबतो, खालून नळीतून माल बाहेर येतो. खिम्याच्या यंत्रातला स्क्रू मांस पुन्हा रगडतो, त्यात चरबी गरम होऊन लगदा होतो. मग शिजवल्यावर आत भुसा आणि सालीखाली तेल! माझे पहिले तीन घाणे असेच वाया गेले. दट्ट्या मांस नुसतं ढकलतो, त्यामुळे कापल्यावर चरबीचे पांढरे दाणे वेगळे दिसतात. एवढ्यावरच मी पैसे वसूल मानतो.

पण यंत्र चांगलं म्हणून गाफील राहू नका. डुकराच्या खांद्याचं दोन किलो आणि पोटाकडचं चरबीचं अर्धा किलो मांस मी फ्रीझरमध्ये कडक होईतो ठेवतो, यंत्राचा डबाही फ्रीजमध्ये. इथे 'चवीपुरतं मीठ' चालत नाही. किलोला १८ ग्रॅम, काट्यावर मोजून. लसूण, मिरी, मूठभर मायेरानेक (म्हणजे मरवा; मला त्याचा वास ओव्याचा सौम्य, गोडसर भाऊ वाटतो) आणि पाव लिटर बर्फाचं पाणी. मग बोटं बधिर होईपर्यंत मळायचं. तळहात उलटा केला तरी गोळा पडला नाही, की झालं. भरण्याआधी एक टिकली तव्यावर भाजून चाखा. एकदा आतड्यात गेलं की दुरुस्ती नाही.

आतडी खारवलेली मिळतात. कोमट पाण्यात भिजवून नळाखाली आतून धुवावी लागतात. त्या वासाने बायको पहिल्या दिवशी स्वयंपाकघर सोडून गेली, ती भरणं संपल्यावरच आली. डब्यात मिश्रण ठोसून भरा. हवा राहिली तर चकली तुटते तसं इथे आतडं फुगतं, मग सुई टोचत बसा. शिजवताना पाणी उकळू द्यायचं नाही, ८० अंशांच्या आत ठेवायचं. आतलं तापमान ७२ झालं की बाहेर.

आता तक्रारी. चौथ्या महिन्यात प्लॅस्टिकच्या चक्राचा दात तुटला. मिश्रण जरा जास्तच गोठलं होतं आणि मी जोर लावला, हे कबूल. पण विक्रेत्याने तीन मेलना उत्तर दिलं नाही ते दिलंच नाही. शेवटी पोलादी चक्र वेगळं विकत घेऊन बसवलं, तेव्हापासून त्रास नाही. नळीच्या वळणात दरवेळी मूठभर मिश्रण अडकून राहतं. त्याच्या आम्ही टिकिया तळतो. आणि धुणं! दट्ट्याची रबरी कडी काढून घासली नाही तर दुसऱ्या दिवशी वास मारतो.

गोव्याच्या 'चोरीस' या सॉसेजसाठी मात्र हे घेऊ नका. तिथे व्हिनेगर-मिरचीत मुरलेले मांसाचे तुकडे असतात, ते हातानेच भरलेले बरे. मी यंत्रातून काढून पाहिले, तुकडे नळीत अडकले.

या ईस्टरला शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या टोपलीत आजींनी अंडी, पाव, मीठ यांच्याबरोबर माझी दोन सॉसेजं ठेवली. मी मनात फुगलो होतो. रविवारी सकाळी दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, "मायेरानेक कमी पडलाय."