खरा कमी ऑक्सिजन की कोबाल्टचा आभास?

गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला की हिफ-१ अल्फा हे प्रथिन टिकून राहतं आणि व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांसाठीचा सांगावा, वाढतो. हे प्रयोगात बघायचं तर कोबाल्ट क्लोराईड सोपं. गुलाबी खडे विरघळवले, झालं! पण ते मुख्यतः हिफवर मोडण्यासाठीची खूण करणारी विकरं (एन्झाइम) अडवतं. भोवती ऑक्सिजन तेवढाच राहतो, वर विषारीपणा आहेच.

दुसरा पर्याय म्हणजे पेशी ठेवायची १ टक्का ऑक्सिजनची पेटी, पण ती महाग. त्यातला ऑक्सिजन हटवणाऱ्या नायट्रोजनच्या सिलिंडरसाठी सातपूरला खेपा घाला. शिवाय पेशींची बशी बाहेर काढून प्रथिन मोजण्यासाठी पेशी फोडायला उशीर केला, तर हिफ काही मिनिटांत गायब. नाशकात माझा अख्खा आठवडा असाच वाया गेला. चूक माझीच, मध्येच फोन घेतला.

तरी मी पेटीच निवडेन. पाळीच्या सुमारास अस्तरात ऑक्सिजनच घटतो, असे पुरावे आहेत. कोबाल्ट प्राथमिक चाचणीपुरतं ठीक.