बारोलो घ्यावी की बार्बारेस्को?

दोन्ही लाल वाइन, इटलीतल्या पिएमाँते प्रांतातल्या, आल्बा शहराच्या दोन अंगांना पिकणाऱ्या. दोन्ही फक्त नेब्बिओलो द्राक्षाच्या. दुसऱ्या जातीचा थेंबही चालत नाही. डीओसीजी हा इटालियन वाइनचा सर्वोच्च दर्जाही दोघींना १९८० मध्येच मिळाला. मग फरक कशात? मुख्यतः थांबण्यात.

बारोलो तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला २६ पुरतात, पिंपात ९. रिझर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, म्हणायचं तर अनुक्रमे ६२ आणि ५०.

रंगावर जाऊ नका. ग्लास तिरका धरला तर पलीकडची बोटं दिसतात इतक्या या फिकट, कडेला विटकरी झाक. पण घोट घेतला की जांभळं खाल्ल्यासारखी जीभ आखडते. हा तुरटपणा बारोलोत जास्त हट्टी. बार्बारेस्कोचे मळे तानारो नदीजवळ, जरा उबदार. द्राक्षं थोडी आधी पिकतात आणि वाइन लवकर मवाळते.

‘बारोलो राजा, बार्बारेस्को राणी’ ही घासून गुळगुळीत झालेली उपमा मला पटत नाही. चांगली बार्बारेस्को सुमार बारोलोला सहज मागे टाकते. दहा वर्षं बाटली ठेवायला थंड जागा असेल तर बारोलो घ्या. या शनिवारी मटणासोबत उघडायची असेल तर बार्बारेस्को, तीही तासभर आधी जगमध्ये ओतून.