सोडवलेल्या पोपटाची जंत-तपासणी: थेट स्लाइड की फ्लोटेशन?

पिंजऱ्यातून सोडवलेला पोपट बरा झाला की पुणे विद्यापीठातल्या किंवा तिथल्या एम्प्रेस गार्डन या बागेतल्या झाडांवरच्या मोकळ्या थव्यात मिसळणार. त्याच्या पोटातले जंत त्या थव्यात जायला नकोत, म्हणून विष्ठेची तपासणी. पुण्यात असे पक्षी सांभाळणाऱ्या छोट्या केंद्रांना हाताशी असलेला वेळ थेट स्लाइड आणि फ्लोटेशन (द्रावणात अंडी तरंगवणं) या दोन पद्धतींपैकी कुठे घालायचा, हे ठरवावं लागतं.

थेट स्लाइडला खर्च जवळपास शून्य. ताज्या विष्ठेचा कण कोमट सलाइनच्या थेंबात मिसळायचा, वर कव्हर स्लिप (पातळ काच) ठेवायची आणि लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचं. जिआर्डियासारखे एकपेशीय जीव इथेच जिवंत, पोहताना सापडतात. विष्ठा गार पडली, वाळली की ते दिसेनासे होतात. त्यामुळे पिंजऱ्याच्या तळाशी स्वच्छ कागद आणि नमुना तत्काळ उचलणारा माणूस, दोन्ही हवेत. मात्र कणभर विष्ठेत जंतांची मोजकीच अंडी असतील तर ती सहज हुकतात.

फ्लोटेशनला जास्त विष्ठा घेऊन ती मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवतात. द्रावणाची सापेक्ष घनता साधारण १.२०. त्याहून हलकी अंडी १०-१५ मिनिटांत वर येऊन कव्हर स्लिपला चिकटतात. अस्कारिडियासारखे गोलकृमी आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवी यांच्यासाठी माझा भरवसा या पद्धतीवरच. पण जिआर्डियाचे पोहणारे जीव खारात टिकत नाहीत आणि पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) जड अंडी तळाशीच राहतात.

नव्याने आलेल्या प्रत्येक पोपटाच्या दोन्ही तपासण्या व्हाव्यात. ते जमत नसेल तर पातळ विष्ठा टाकणाऱ्या, मलूल पक्ष्याची आधी थेट स्लाइड. धडधाकट दिसणाऱ्याला इतरांच्या पिंजऱ्यात सोडण्याआधी फ्लोटेशन. अंडी रोज सारखी पडत नाहीत, तेव्हा एका निगेटिव्ह अहवालावर थांबू नका, वेगवेगळ्या दिवशी निदान तीन नमुने घ्या. एकत्र जप्त झालेल्या पिल्लांची विष्ठा मिसळून तपासली तर वेळ वाचतो, पण एखाद्याच पिल्लाला लागण असेल तर ती त्यात विरून जाते.

तपासणी टाळून सरसकट जंताचं औषध द्यायचा मोह होतो. तो आवरा. फेनबेंडाझोल या जंतनाशकाने काही पक्ष्यांच्या अस्थिमज्जेला इजा होते, आणि पिसं वाढत असताना दिलं तर ती वेडीवाकडी येतात. घरात पंख छाटलेल्या पोपटाची सुटका तर त्याच नव्या पिसांवर अवलंबून असते.