खाऱ्या ओल्या वाळूत सोन्याचा शोध: मिनलॅब इक्विनॉक्स ६०० वापरून पाहिले

बेळगावला समुद्र नाही, तरी दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की शहापूरच्या आमच्या सराफी पेढीवर दोन-तीन गिऱ्हाइके हमखास अशी येतात, ज्यांचे वेढणे किंवा गळ्यातली साखळी शिरोडा, वेंगुर्ले अथवा गोव्याच्या किनाऱ्यावर गेलेली असते. नवा दागिना घडवून देणे हा आमचा व्यवसायच आहे, पण लग्नातले वेढणे हरवलेल्या बाईला नव्या वेढण्याचे वजन सांगताना मला दरवेळी वाईट वाटते. त्या तळमळीपोटी दोन वर्षांपूर्वी मी एक साधे मेटल डिटेक्टर यंत्र मागवले होते. ते किनाऱ्यावर पार निकामी ठरले. टिळकवाडीतल्या एका स्नेह्यांनी त्यांचे मिनलॅब इक्विनॉक्स ६०० दोन दिवसांसाठी दिले, तेव्हा दोन्ही यंत्रे गाडीत घालून वेंगुर्ले रस्त्याने आंबोलीमार्गे शिरोड्याला गेलो.

पहिल्या यंत्राविषयी आधी सांगतो, कारण बहुतेक लोक तसलेच घेतात. ते एकाच फ्रिक्वेन्सीवर चालते. सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत त्याने १० रुपयांचे नाणे वीतभर खोलीवरून बिनचूक दाखवले. मात्र ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर पाऊल ठेवताच ते सतत किरकिरू लागले आणि सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) निम्म्यावर आणल्यावर शांत झाले खरे, पण मग चार बोटे खोल पुरलेले तेच नाणेही त्याला सापडेना. यात यंत्र बिघडल्याचा प्रश्न नाही. मिठाचे पाणी वीजवाहक असते, त्यामुळे भिजलेली वाळू स्वतःच पातळ धातूच्या पत्र्यासारखा प्रतिसाद देते. हा प्रतिसाद बारीक सोन्याच्या प्रतिसादाला अगदी लागून पडतो, म्हणून मिठाचा आवाज गाळायला जावे तर सोनेही त्याबरोबर गाळले जाते. त्यातच कोकणच्या वाळूत काळ्या लोहयुक्त कणांच्या रेघा असतात. या रेघा यंत्राचा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वगळण्यासाठी साधलेला तोल, एका बाजूला ओढतात आणि मीठ दुसऱ्या बाजूला, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीला दोन्ही सांभाळता येत नाही.

इक्विनॉक्स ६०० हे २०१८ साली बाजारात आलेले यंत्र आहे. आता त्याची पुढची मॉडेलेही निघाली आहेत. ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरते. मीठ वरच्या फ्रिक्वेन्सीला अधिक आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला कमी प्रतिसाद देत असल्यामुळे दोन्हींची तुलना करून त्याचा वाटा वजा करता येतो. त्यात किनाऱ्यासाठी स्वतंत्र मोड आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: पहिला कोरड्या व ओल्या वाळूसाठी, दुसरा लाटांत आणि पाण्याखाली वापरण्यासाठी. सुरुवातीला नॉइज कॅन्सल करून, म्हणजे आसपासचा विद्युत गोंगाट टाळून, कॉईल (दांड्याच्या टोकाची शोधणारी चकती) वाळूवर वर-खाली हलवत ग्राउंड बॅलन्स साधला आणि सेन्सिटिव्हिटी २० वरून १८ वर आणली, तेव्हा ज्या ओल्या पट्ट्यावर पहिले यंत्र ओरडत होते तिथेच हे शांत चालू लागले. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

चाचणीसाठी मी पेढीवरचेच दागिने नेले होते आणि प्रत्येकाला जाड दोरा बांधून दोऱ्याचे दुसरे टोक काठीला अडकवले होते, कारण दुसऱ्याचे सोने शोधायला जाऊन आपलेच हरवणे परवडले नसते. ४ ग्रॅमचे २२ कॅरेटचे साधे वेढणे ओल्या वाळूत १५ सेंटिमीटर खोल पुरले, तरी पडद्यावर धातूची ओळख सांगणारा आकडा १३ च्या आसपास येत राहिला आणि आवाज दोन्ही दिशांनी स्वच्छ लागला. परदेशी लोक आपल्या अनुभवात बहुधा १४ कॅरेटच्या अंगठ्यांबद्दल सांगतात. २२ कॅरेटमध्ये भेसळ कमी असल्याने त्याची वीजवाहकता जास्त असते, तेव्हा त्यांचे आकडे आपल्या दागिन्यांना जसेच्या तसे लावू नयेत. शीतपेयाच्या डब्याची कडी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटातला ॲल्युमिनियमही याच टप्प्यात येतो, म्हणून असा प्रत्येक आवाज उकरून पाहावाच लागतो.

साखळीने मात्र निराशा केली. ६ ग्रॅमची बारीक साखळी, म्हणजे वेढण्याहून वजनाने जास्त, पण ती चार बोटे खोलीवरही जवळजवळ गप्प राहिली. घडवणाऱ्याला याचे कारण लगेच कळते: वेढणे हे अखंड कडे आहे, त्यात प्रवाह मोकळा फिरतो, तर साखळी म्हणजे शेकडो सुट्या कड्या, आणि यंत्राला त्यातली एकेक कडीच दिसते. जो काही आवाज आला, तो बहुधा फाशाचा, म्हणजे साखळी अडकवायच्या कडीचा होता. साखळी हरवलेल्या गिऱ्हाइकाला या यंत्राच्या भरवशावर आशा दाखवणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापराबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आम्ही अमावस्येच्या उधाणाच्या दिवसांत गेलो, तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे हटते आणि शोधायला रुंद पट्टा मिळतो. त्या पट्ट्यावर पाण्याच्या रेषेला समांतर चालावे, कारण पाण्याकडे जाताना पावलागणिक ओल बदलते आणि यंत्राचा तोल ढळतो. कॉईल वाळूला समांतर ठेवावी. झोक्याच्या शेवटी ती उचलली गेली किंवा खालून लाट सरकून गेली, की खोटा आवाज येतो. यंत्र ३ मीटरपर्यंत पाण्यात चालते, त्यामुळे लाटेची भीती नाही. १.३४ किलो वजन मात्र तासाभरात मनगटाला जाणवते.

शिरोड्याजवळच्या रेडीच्या यशवंतगड किल्ल्याकडे कोणी हे यंत्र घेऊन जाऊ नये. जुन्या वास्तूंच्या परिसरात उकरणे गुन्हा ठरू शकते आणि १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले जुने धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र विनाकारण कुरकुरू लागले. घरी येऊन गोड्या पाण्याने धुताना कॉईलचे खालचे झाकण काढले, तर आत मूठभर वाळू साचली होती. सोन्याच्या किसातले लोखंड वेचायला आम्ही जे लोहचुंबक फिरवतो, तेच तिच्यावरून फिरवले, तेव्हा काळ्या कणांची दाट लव त्याला चिकटून आली. झाकण स्वच्छ करून बसवल्यावर कुरकुर थांबली.