जुन्या पिस्तुलाची किंमत काढून देतो म्हणणाऱ्यापासून सावध : माझे 1,09,300 रुपये आणि मूळ लॉक गेलं

आधी आकडे सांगतो. 2,500 रुपये ‘प्राथमिक तपासणी’चे. 11,800 ‘तज्ज्ञ अहवाला’चे, म्हणजे 10,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, छापील बिलासकट. 35,000 ‘पुरातत्त्व नोंदणी’चे. 60,000 ‘अनामती’चे. एकूण 1,09,300. वरून पिस्तुलाचं मूळ लॉक, म्हणजे घोडा बसवलेली बार उडवायची यंत्रणा, गेलं, त्याचा आकडा मला आता कोणी सांगू शकत नाही.

वस्तू अशी. पणजोबा कामठीच्या छावणीत कारकून होते, त्यांच्याकडून आलेलं ठासणीचं टोपीदार पिस्तूल, म्हणजे दारूच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून बार उडणारं. घोडेस्वारांचं. नळीखाली बिजागरीला अडकवलेला गज, पितळी चापकडं, पितळी बूड, लॉकच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘व्ही आर’ आणि पुढे ‘टॉवर’ असं कोरलेलं. नळी आतून गंजलेली, घोड्याची कमान तुटलेली. आजोबांनी पोलीस ठाण्याला लेखी कळवून शिक्क्याची पोच घेतली होती, ती आजही कागदांत आहे. खंडेनवमीला बाहेर काढायचं, हळदकुंकू वाहायचं, परत पेटीत ठेवायचं, एवढंच त्याचं आमच्या घरातलं काम.

ते विकून श्रीमंत व्हायला मी निघालो नव्हतो. वडील गेले, वाटणीची वेळ आली. भाऊ अमरावतीला, बहीण वर्ध्याला. पिस्तूल एकाकडेच राहणार, मग इतर दोघांना त्या बदल्यात काय द्यायचं हे ठरवायला किंमत माहीत हवी. यात लोभ कुठे आला? तरी घरच्यांनी लोभी ठरवलंच.

तो माणूस जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात भेटला. चाळिशीचा, बोलायला गोड, नागपुरात धंतोलीत ऑफिस. पिस्तूल हातात घेऊन त्याने मुकुट दाखवला आणि म्हणाला, “काकाजी, व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना. अस्सल आहे.” हे त्याने बरोबरच सांगितलं होतं. हे लोक पहिली गोष्ट नेहमी खरी सांगतात. मग विचारलं, “लायसन आहे का जी?” मी आजोबांची पोच दाखवली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “हे चालत नाही आता. पण घाबरून कायले राहिले? मी आहो ना.”

पुढचं सगळं या एका वाक्यावर चाललं. शस्त्र कायदा 1959 चा आहे. त्याच्या कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुरातन किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. आपली वस्तू त्यात बसते की नाही हे परवाना अधिकाऱ्याला लेखी विचारायचं असतं. नाण्यांच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ते ठरवायचं नसतं. तो ठरवायला लागला की पिस्तूल उचलून घरी या.

‘धातू परीक्षणा’साठी म्हणून त्याने पिस्तूल ठेवून घेतलं. वस्तू नजरेआड करू नका. किंमत काढायला शिक्के पाहावे लागतात, मापं घ्यावी लागतात, लॉक उघडून आतल्या खुणा बघाव्या लागतात, आणि हे सगळं तुमच्यासमोर होतं. परत दिलं तेव्हा पितळ ब्रासोने घासून लखलखीत केलेलं होतं. जुन्या शस्त्रावरचा तो काळपट तपकिरी थर म्हणजे संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत असते, हे मला नंतर कळलं. घासू नका, पॉलिश करू नका, लाकडाला वॉर्निश लावू नका.

सोबत अहवाल आला. जाड कागद, होलोग्राम, गोल शिक्का, किंमत 22 लाख. दुसऱ्या पानावर इतिहास होता : हे पिस्तूल 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेविरुद्ध कंपनीच्या घोडेस्वाराने वापरलं.

त्या क्षणी मला थांबायला हवं होतं असं आता जो तो सांगतो. पहिल्या पानावर व्हिक्टोरियाचा शिक्का, दुसऱ्या पानावर 1817. व्हिक्टोरिया गादीवर आली 1837 साली. 1817 मध्ये तिचा जन्मही झाला नव्हता, ती 1819 ची. आणि टोपीची पद्धत ब्रिटिश सैन्यात 1840 च्या आसपास रुळली. सीताबर्डीला चालली ती चकमकीची, गारगोटीची हत्यारं. रात्री झोप येत नाही तेव्हा ही दोन पानं मी डोळ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवतो. एक पान उलटण्याइतकं अंतर होतं! पण शपथेवर सांगतो, 22 लाखांमुळे ते निसटलं नाही. नागपूरच्या माणसाला सीताबर्डीचं नाव दाखवलं की तो साल तपासत नाही, त्याचा ऊर भरून येतो. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं. मी वीज मंडळात हिशेब पाहण्यात नोकरी घालवली, राजेराण्यांची सालं पाठ करण्यात नाही.

‘टॉवर’वरूनही त्याने राजघराण्याची गोष्ट रचली. तो शिक्का ब्रिटिश सरकारी शस्त्रांवर सर्रास असतो, आणि शोभेच्या नकलांवर तर असतोच असतो. शिक्क्याने किंमत ठरत नाही. नळी, लॉक आणि लाकूड एकाच वेळचं आहे का, पलटणीच्या खुणा आहेत का, कोणाकडून कोणाकडे आलं याचे कागद आहेत का, यावर ठरते. इंटरनेटवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली पाहा.

मग लंडनचा ग्राहक आला, फोनवर. त्याच्यासाठी नोंदणी 35,000, आणि आपणही गंभीर आहोत हे दाखवायला अनामत 60,000, दोन्ही रोख. शंभर वर्षांहून जुनी अशी पुरावस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवताच येत नाही, 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ते बंद आहे. पुरावस्तूंचा धंदा करायलाही सरकारी परवाना लागतो. तो क्रमांक मागा. जीएसटी क्रमांक पोर्टलवर फुकट तपासता येतो. माझ्या बिलावरचा क्रमांक अस्तित्वातच नव्हता.

60,000 घेतल्यावर फोन बंद, धंतोलीतल्या खोलीला कुलूप. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी पिस्तूल बघायला आले. त्यांनी स्क्रूकडे बोट दाखवलं. जुन्या स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या होत्या. पट्टी काढली तर आतली बाजू नवी कोरी, एकही खूण नाही. पुतण्याने खंडेनवमीला जवळून काढलेला फोटो होता, तो लावून पाहिला. अक्षरं वेगळी, मुकुट वेगळा. म्हणजे मूळ लॉक काढून घेऊन नकली बसवलं होतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : “हत्यार कुठे आहे? परवाना दाखवा.” फसवलं गेलेल्या माणसाला आधी आरोपीसारखं उभं करायचं ही कुठली पद्धत? आजोबांची पोच बघून साहेब म्हणाले, हा शिक्का आमच्या काळातला नाही. ऑनलाइन पैसे गेले म्हणता, मग सायबरला जा. सायबर गुन्ह्यांच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, सायबरवाल्यांनी सांगितलं, फोनवरून गेले ते 14,300 आमचे, रोख 95,000 चं आम्ही काही करू शकत नाही, ठाण्यात जा. ठाण्यात म्हणे एकाच गुन्ह्याचे दोन तुकडे कसे करायचे, तिकडेच द्या. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पुरातत्त्वच्या कार्यालयात अहवाल दाखवला तर तोंडी म्हणाले बनावट आहे. लेखी द्या म्हटलं तर “खासगी कागदावर आम्ही अभिप्राय देत नाही.” हे बनावट आहे एवढं एक वाक्य लिहून द्यायला यांचं काय जात होतं? तेवढ्यावर माझी तक्रार उभी राहिली असती. ठग मात्र याच सरकारी गप्प राहण्यावर पोट भरतो. “पोलिसांत जाऊ नका काकाजी, आर्म्स ॲक्ट तुम्हालेच लागन,” असं तो मला सांगून गेला होता, आणि ठाण्यातल्या त्या खुर्चीने त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं.

घाबरू नका, लेखी द्या, पोच घ्या. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माझी टपालाने गेली आहे. सोबत पिस्तुलाच्या कायदेशीर स्थितीचा अर्जही स्वतःहून दिला आहे, म्हणजे पुढच्या वेळी परवाना हा पहिला प्रश्न कोणी करणार नाही.

नाणी, तलवारी, जुनी हत्यारं गोळा करणाऱ्यांना विनंती. मूळ पट्टीवर मुकुटाच्या डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा आहे, आणि ‘टॉवर’ मधल्या शेवटच्या अक्षराचा पाय झिजलेला आहे. खड्ड्यात हळदीचा पिवळेपणा अजून असेल. अशी सुटी पट्टी कोणी विकायला आणली तर घेऊ नका, आणणाऱ्याचा फोटो काढा आणि जवळच्या ठाण्यात लेखी कळवा.