मिलिटरी रेटवाली क्रूझ : चौदा महिने, दोन बुकिंग आणि एका कार्डाचा फोटो

काल रात्री क्रूझ कंपनीचं ईमेल आलं की तुमच्या मुलांच्या नावावरचं क्रेडिट ऑगस्टअखेर संपतंय, आणि माझं डोकंच फिरलं. ऑक्टोबरमध्ये अर्धं लिहून ठेवलेलं होतं, ते आज पूर्ण करून टाकते. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून मिटलेलं नाहीये. मोठी आहे, फ्लोरिडातून जहाजं सुटतात, एवढं पुरे.

आम्ही नॉरफोकला, व्हर्जिनियात. नवरा यूएस नेव्हीत पेटी ऑफिसर. सात महिने समुद्रावर राहून घरी आला आणि मुलांनी हट्ट धरला की आम्हाला पण जहाजावर जायचंय. तो म्हणाला, अगं मी सुट्टी कशासाठी घेतो, जहाजातून उतरायला ना? पण मुलांपुढे कुणाचं चाललंय. शिवाय मी म्हटलं आपल्याला डिस्काउंट असतो, एवढं बेसवर सगळे सांगतात. तिथेच फसले.

आधी हा डिस्काउंट म्हणजे नक्की काय ते, कारण "मिलिटरी डिस्काउंट" ऐकलं की वाटतं बिलावर दहा टक्के. तसं नसतं. दहा टक्के फक्त भाड्यावर. आमचाच हिशोब सांगते. चार जण एका केबिनमध्ये, सहा रात्री, भाडं 1660 डॉलर. त्यावर पोर्ट फी आणि टॅक्स 620, टिप्स 384, एकूण 2664. दहा टक्क्यांनी सुटतात 166, म्हणजे बिलाच्या जेमतेम सहा टक्के. वायफाय, पार्किंग, मुलांची सरबतं, या कशालाच तुमच्या वर्दीशी देणंघेणं नाही. आणि सगळ्या लाइन, म्हणजे क्रूझ कंपन्या, भाड्यात सूट देतही नाहीत. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिकावाले जहाजावर खर्च करायला क्रेडिट देतात, डिस्नीवाले ठराविक सेलिंगलाच मिलिटरी रेट काढतात आणि तो ॲक्टिव्ह, म्हणजे अजून नोकरीत असलेल्या, किंवा रिटायर्डसाठी असतो, चार वर्षं नोकरी करून बाहेर पडलेल्याला नाही. "व्हेटरन" आणि "रिटायर्ड" यातला फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

पण मला दहा टक्केवाला साधा रेट नाही मिळाला, मला त्याहून भारी गोष्ट मिळाली (असं तेव्हा वाटलं). सेलिंगला अडीच-तीन महिने उरले की रिकाम्या केबिन खपवायला मिलिटरीवाल्यांसाठी एक रेट निघतो, केबिन कंपनी ठरवणार, पैसे सगळे आत्ता भरायचे, परत काही मिळणार नाही. 1660 चं भाडं 1160 ला. पाचशे डॉलर वाचले म्हणून मी त्या दिवशी श्रीखंड केलं.

आता कार्डाचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढे जा.

बुकिंग झाल्यावर कंपनीचं ईमेल, मिलिटरी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. नवऱ्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं आळस करतोय. तर नाही, अमेरिकेच्या कायद्यात टायटल 18 चं कलम 701 आहे, लष्करी ओळखपत्राचा विनापरवाना फोटो काढणं, कॉपी काढणं यावर बंदी आहे, दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दवाखान्याच्या कामासाठी, चेक वटवायला वगैरे कॉपी चालते, पण दुकानदाराने सवलतीसाठी मागितली तर कार्ड हातात धरून दाखवायचं, द्यायचं नाही. बेसवर हे इतक्या वेळा घोकून घेतात की नवरा झोपेतही सांगेल. म्हणजे बघा, मिलिटरीवाल्यांसाठीच सवलत काढलीये आणि ती घ्यायला मिलिटरीवाल्याला कायदा मोडायला सांगतायत! ज्याने हा फॉर्म बनवला त्याने आयुष्यात एकदा तरी एखाद्या सैनिकाला विचारलं असतं तर.

मी कस्टमर सर्व्हिसला कलमासकट लिहिलं. उत्तर आलं, कृपया कार्डाचा स्पष्ट फोटो पाठवा. परत लिहिलं. परत तेच. मग म्हटलं पगाराची स्लिप चालेल का, तिला इकडे एलईएस म्हणतात. चालेल म्हणाले. नवऱ्याने पगाराचे आकडे, बँकेचा तपशील काळ्या मार्करने खोडून पाठवली, तर "डॉक्युमेंटमध्ये फेरफार आढळल्याने नाकारण्यात आले." अहो फेरफार नाही, माझ्या नवऱ्याचा पगार फिलिपिन्स की कुठे बसलेल्या तुमच्या माणसाला कशाला कळायला हवा! फोनवर मी हे मराठीतच बोलले असणार, कारण पलीकडची बाई एकदम गप्प झाली. तेवीस दिवस, अठरा ईमेल. शेवटी नवऱ्याच्या कमांडकडून, म्हणजे त्याच्या युनिटच्या ऑफिसातून, ॲक्टिव्ह ड्युटीवर असल्याचं साधं पत्र आणलं, ते लेटरहेडवर होतं, ते दहा मिनिटांत पास. हे पत्र चालतं असं पहिल्याच ईमेलमध्ये एका ओळीत लिहिलं असतं तर माझे तेवीस दिवस वाचले असते. (आता काही लाइन आयडी डॉट मी सारख्या ऑनलाइन पडताळणीवर गेल्यात, तिथे बहुतेक वेळा फोटोची भानगडच येत नाही. बुकिंगआधी फक्त एवढं विचारून घ्या.)

तर कार्डाची लढाई जिंकली. आणि सेलिंगला तीन आठवडे असताना जहाजाचं शेड्यूल बदललं, नवऱ्याचं जहाज, आमचं नाही, आणि मंजूर झालेली लीव्ह चिट परत घेतली.

यात कुणाची चूक नाही, ती नोकरीच तशी. वर्षाला तीस दिवस रजा मिळते, पण मिळते म्हणजे खात्यात जमा होते, कधी घ्यायची ते वरून ठरतं. मला हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळायला हवं होतं. 1160 गेले. पोर्ट फी, टॅक्स आणि टिप्स परत आले, ते येतातच, जहाजात पाऊलच ठेवलं नाही तर ते पैसे कंपनीला ठेवून घेता येत नाहीत. इन्शुरन्स मीच नको म्हटलं होतं, 140 डॉलर वाचवायला. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये "मंजूर लष्करी रजा रद्द होणं" हे कारण धरलेलं असतं, फक्त युद्धाची तैनाती असेल तर हात वर करतात, हे मी रद्द झाल्यावर वाचलं. वरातीमागून घोडं.

दोन महिने भांडून, कमांडचं पत्र परत एकदा जोडून, निम्मं क्रेडिट मिळालं. 580 डॉलर, एका वर्षात वापरायचं. आणि त्यातली मेख अशी की चौघांच्या नावावर प्रत्येकी 145, एकाचं दुसऱ्याला चालणार नाही, आणि फक्त भाड्यालाच. ही मेख लक्षात ठेवा, परत येतेय.

इथपर्यंत ऑक्टोबरमध्ये लिहिलेलं, आणि शेवटी मोठ्या अक्षरात "एक स्टार, मिलिटरी रेटच्या नादी लागू नका" असं होतं. ते खोडलंय. का ते सांगते.

तेव्हाच सासू-सासऱ्यांचं यायचं ठरत होतं, फेब्रुवारी ते मे. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, साताऱ्याचे. म्हटलं त्यांना घेऊन एप्रिलमधल्या स्प्रिंग ब्रेकला जाऊ आणि ते क्रेडिट पण मार्गी लावू. या वेळी मी स्वतः काही केलं नाही, बेसवरच्या आयटीटी ऑफिसात गेले, तिकिटं आणि ट्रिपा बघणारं ऑफिस असतं ते, सगळे तिथून फक्त थीम पार्कची तिकिटं घेतात. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, रजा मंजूर आहे का? म्हटलं अर्ज केलाय. म्हणाल्या, मग डिपॉझिट परत मिळणाराच रेट घ्यायचा, महाग पडला तरी. त्यांचा नवरा पण नेव्हीतून रिटायर. अठरा ईमेलमध्ये मला जे कुणी सांगितलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आणि कार्ड? हातात घेतलं, बघितलं, परत दिलं.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली की सवलत केबिनला मिळते, आणि त्या केबिनमध्ये एक तरी पात्र माणूस झोपायला हवा. या लाइनला बायको पण चालते. म्हणजे सासू-सासरे एका केबिनमध्ये आणि आम्ही एका, असं केलं तर त्यांच्या केबिनला दमडी सूट नाही. मग माझ्यातला व्यापारी जागा झाला. नवरा, बाबा आणि मुलगा एका केबिनमध्ये, मी, आई आणि मुलगी दुसरीत. दोन्ही केबिनला दहा टक्के. नवरा म्हणाला सात महिन्यांनी घरी आलेल्या माणसाला तू वडिलांच्या खोलीत पाठवतेयस? म्हटलं जहाजावर गेल्यावर किल्ल्या बदलू, कोण बघतंय. एकूण भाडं 2196.

बाबांना हा सगळा प्रकार कळला तेव्हा ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले, सूनबाई, आमचं मिलिटरी कँटीनचं कार्ड आहे की, ते पण जोड. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली की बाबा, इकडे अमेरिकेच्याच फौजेला, काही लाइन कॅनडावाल्यांना देतात, भारतीय फौजेला नाही. "फौज ती फौज," म्हणाले. "आमच्याकडे कार्ड मशीनमध्ये घातलं की झालं, फोटो नाही, पत्र नाही." यावर मी काय बोलणार, मला पटतच होतं.

मग जानेवारी. क्रूझ बुकिंगचा सीझन जानेवारी ते मार्च, सगळ्या लाइनचे सेल तेव्हा. आमचं पूर्ण पेमेंट सेलिंगच्या नव्वद दिवस आधी, म्हणजे जानेवारीतच, आणि त्याच्या सहा दिवस आधी आयटीटीच्या बाईंचा स्वतःहून फोन. सगळ्यांसाठीचा सेल लागलाय, मोठ्यांचं भाडं 430, मुलांचं 59, एकूण 1838. मिलिटरी रेटपेक्षा 358 डॉलर कमी, दोन्ही एकत्र लागत नाहीत, बदलू का? बदला म्हटलं, अजून विचारताय काय! हे फक्त एवढ्यासाठी जमलं की रेट पैसे परत मिळणारा होता आणि शेवटचं पेमेंट झालं नव्हतं. म्हणजे चौदा महिने मिलिटरी डिस्काउंटच्या मागे धावून शेवटी आम्ही गेलो ते कुणाही सोम्यागोम्याला मिळणाऱ्या भावात.

आणि केबिन? सवलतच घेतली नाही तर वेगवेगळ्या केबिनची गरजच उरली नव्हती, पण नावं बदलायला गेलं की त्या दिवशीच्या भावाने नवा हिशोब होतो, आणि तोवर सेल संपला होता. त्यामुळे जी सूट आम्ही घेतलीच नाही, तिच्यासाठी पाच रात्री कागदावर नवरा एकीकडे आणि मी एकीकडे. प्रत्यक्षातही तसंच झालं, कारण आईंना रात्री एकटं झोपवेना आणि बाबा घोरतात म्हणून त्या तिकडे जाईनात. नवरा हे अजून ऐकवतो.

नॉरफोकहून पोर्ट कॅनाव्हेरल गाडीने अकरा-बारा तास, वाटेत मेपोर्टच्या नेव्ही लॉजमध्ये मुक्काम. एवढ्या सगळ्या प्रकरणात वर्दीचा खरा फायदा झाला तो त्या खोलीच्या भाड्यात. आणि ज्यांच्या घरचा माणूस ॲक्टिव्ह आहे त्यांनी बहामाज काय, मेक्सिको काय, परदेशी रजेची परवानगी वेगळी लागते हे विसरू नका, तिलाही वेळ जातो.

टर्मिनलवर मी फायलीत कमांडचं नवं पत्र, एलईएस (न खोडलेली!), सगळं घेऊन उभी. कुणी विचारलंच नाही. विचारणार कशाला, रेट साधा होता. बाबांनी मात्र पासपोर्टबरोबर कँटीन कार्ड पुढे केलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते उलटसुलट बघितलं, नवऱ्याला विचारलं हे काय, त्याने सांगितलं इंडियन आर्मी, अठ्ठावीस वर्षं. ते गृहस्थ खुर्चीतून उठले, हात पुढे केला, थँक यू फॉर युअर सर्व्हिस, सर. बाबांनी शेकहँड केला, कार्ड परत पाकिटात घातलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चाललं की."

जहाजाबद्दल फार नाही लिहीत, जेवण भरपूर, आधी सांगितलं तर शाकाहारी भारतीय पण करून देतात, डाळ बरी होती. आईंचं माहेर देवगडकडचं, लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गेलेल्या, त्यांना वाटलं होतं तसंच उलट्या आणि ट्रंकांवर झोपणं असणार. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ही हलत का नाही, सुटली ना नक्की?

तर स्टार किती? रेटला दोन, आयटीटीच्या बाईंना पाच, कार्डाचा फोटो मागणाऱ्याला शून्य. पुढच्या वेळी मी आधी पैसे परत मिळणारा रेट धरणार, मग सेलची वाट बघणार, मग मिलिटरी रेट शेजारी ठेवून बघणार. अमेरिकन फोर्सेस ट्रॅव्हल पण बघणार, 2019 पासूनची संरक्षण खात्याची अधिकृत साइट आहे, प्राइसलाइन या बुकिंग कंपनीबरोबर चालवतात, त्यातला वाटा बेसवरच्या मुलांच्या कार्यक्रमांना वगैरे जातो, पण भाव तिथेही स्वतःच पडताळावे लागतात.

आणि ती मेख. माझं आणि नवऱ्याचं क्रेडिट भाड्यात वळतं झालं. मुलांचं भाडं होतं 59 आणि क्रेडिट 145, म्हणून प्रत्येकाच्या नावावर 86 डॉलर उरलेत, ते मला मिळत नाहीत, एकमेकांना चालत नाहीत, आणि ऑगस्टअखेर संपतात. मुलं एकटी जाऊ शकत नाहीत, एक सात वर्षांचा, दुसरी दहाची. नवरा जूनमध्ये परत समुद्रावर चाललाय.