गाडीच्या अँटेनाची तपासणी आणि नॅनोव्हीएनए : एक परीक्षण

गाडीतल्या स्कॅनरवर (अनेक पट्टे चाळत ऐकणाऱ्या रेडिओवर) किंवा हौशी रेडिओच्या संचावर नीट ऐकू येईनासे झाले, की बहुतेक जण आधी अँटेना बदलतात, मग केबल बदलतात आणि तरीही गुण आला नाही तर संच उघडायला देतात. हा सगळा अंदाजपंचे खर्च असतो. नॅनोव्हीएनए हे तळहातावर मावणारे, केबल-अँटेनात सोडलेला संकेत किती परत येतो ते दाखवणारे मोजणीयंत्र हा खर्च वाचवू शकते, परंतु त्यावर नेमके काय मोजायचे हे ठाऊक असेल तरच. पुण्यात स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या गाड्यांवर ते सातत्याने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की यंत्र अतिशय उपयुक्त आहे. मात्र ज्या एसडब्ल्यूआरच्या (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे सांगणाऱ्या) आकड्यासाठी लोक ते विकत घेतात, तो आकडा श्रवणाच्या तक्रारीत सर्वांत कमी कामाचा आहे.

आधी यंत्राविषयी. त्याचा मूळ आराखडा जपानमध्ये तयार झाला आणि तो खुला असल्यामुळे २०१९ पासून चिनी बनावटीच्या प्रती जगभर पसरल्या. मूळ आवृत्ती ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ या टप्प्यात मोजते, पडदा २.८ इंचांचा स्पर्शाने चालणारा आहे आणि दोन छोटे एसएमए कनेक्टर आहेत. ३०० मेगाहर्ट्झच्या वर ते हार्मोनिक्सच्या (मूळ संकेताच्या पटीतल्या, क्षीण संकेतांच्या) आधारे मोजत असल्याने तिथे अचूकता कमी होते. भारतात हौशी रेडिओला मिळालेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी मात्र त्यात काही उणे नाही. मी परवानाधारक असून याच पट्ट्यावरची संभाषणे, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे १४५.८०० मेगाहर्ट्झवरचे प्रक्षेपण आणि आकाशवाणी एवढेच ऐकतो. पोलीस किंवा इतर सरकारी खात्यांचे संदेश ऐकणे आपल्याकडे कायद्याला धरून नाही, त्यामुळे तो विषय येथे नाही.

या यंत्राची खरी किंमत मला कोथरूडच्या एका मित्राच्या गाडीवर कळली. टपाच्या मध्यभागी चुंबकी बेसवर अँटेना, तिथून मागच्या दरवाजाच्या रबराखालून आत आलेली पाचेक मीटर आरजी-५८ केबल (मध्ये गाभा आणि भोवती तांब्याची जाळी असलेली) आणि पुढे संच, अशी नेहमीची मांडणी होती. उन्हाळ्यात जे आवाज स्वच्छ येत होते ते पावसाळा संपता संपता खरखरीत बुडाले होते. एसडब्ल्यूआर १.४ भरला (एक म्हणजे आदर्श). हा आकडा पाहून कोणीही अँटेना आणि केबल निर्दोष ठरवील आणि संचाकडे वळेल. पण एसडब्ल्यूआर म्हणजे परत आलेल्या शक्तीचे माप आहे, आणि केबलच शक्ती गिळत असेल तर परत येणार काय? अशा वेळी खराब केबल जुळणीतला दोष झाकते आणि आकडा उलट सुधारलेला दिसतो.

म्हणून आम्ही अँटेनाची काडी फिरवून काढली, बेसचे टोक मोकळे सोडले आणि पुन्हा मोजले. मोकळ्या टोकावरून जवळजवळ सगळी शक्ती परत फिरायला हवी. जी कमी भरते ती केबलमध्ये जाताना आणि येताना खर्च झालेली असते. म्हणजे पडद्यावर जो रिटर्न लॉस (परत आलेल्या शक्तीतली घट) दिसतो त्याच्या निम्मा केबलचा एकेरी क्षय. चांगल्या आरजी-५८ च्या पाच मीटर तुकड्यात १४५ मेगाहर्ट्झला हा क्षय साधारण एक डेसिबल (शक्तीतली घट मोजण्याचे एकक) असतो, म्हणजे पडद्यावर दोनच्या आसपास दिसायला हवे. इथे नऊ दिसत होते. याचा अर्थ साडेचार डेसिबल, अर्थात अँटेनाने पकडलेल्या शक्तीपैकी जवळपास दोन तृतीयांश भाग संचापर्यंत पोहोचतच नव्हता.

बेसजवळचे आवरण ब्लेडने उभे चिरल्यावर कारण समोर आले. तांब्याची जाळी काळपट पडली होती, बोटाला हिरवट भुकटी लागत होती आणि आतले पांढरे प्लॅस्टिक ओलसर होते. समईतली वात तेल ओढते तशी ही जाळी पाणी ओढते, त्यामुळे बेसच्या तोंडाशी शिरलेला ओलावा आवरणाच्या आतून दूरवर गेलेला असतो आणि टोक कापून नवा कनेक्टर लावण्याने काही साधत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी जोरदार फवाऱ्याने गाडी धुतली जाते तेव्हाही हेच घडते. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून नवी केबल आणली, तिथल्या दुकानदारांनी न विचारता दोन नमुने सोलून समोर धरले आणि म्हणाले, “साहेब, ही स्वस्त आहे, पण जाळी बघा किती विरळ आहे.” दाट जाळीची केबल घेतली, पीएल-२५९ कनेक्टरची जाळी नीट सोल्डर केली आणि बेसच्या सांध्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली. मोकळ्या टोकाची मोजणी दोन डेसिबलवर आली आणि गंमत म्हणजे अँटेना जोडल्यावर एसडब्ल्यूआर आधीपेक्षा वाढून तीनच्या जवळ गेला, कारण आता अँटेनाची खरी जुळणी दिसू लागली होती. काडीची लांबी जुळवल्यावर तोही उतरला.

इथे एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एसडब्ल्यूआर तीन असला तरी परावर्तित होणारी शक्ती एक चतुर्थांश असते, म्हणजे तोटा सव्वा डेसिबलचा. प्रक्षेपण करणाऱ्याला तो आकडा सांभाळावाच लागतो, कारण संचाच्या आउटपुट टप्प्याला धोका असतो. केवळ ऐकणाऱ्याने मात्र त्यामागे दिवस घालवू नयेत, केबलचा क्षय आधी मोजावा. आणि मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर विसंबू नये, कारण अनेक अँटेनांच्या तळाशी असलेली कॉइल गाभा आणि जाळी यांना मुद्दामच जोडते. तिथे शॉर्ट दिसणे हा दोष नव्हे. मल्टिमीटर खरा उपयोगी पडतो तो डिकीच्या कडेला स्क्रूने आवळलेल्या क्लॅम्पवर : स्क्रूचे टोक रंग भेदून पत्र्याला भिडले नसेल तर अँटेनाला जमीन (गाडीच्या पत्र्याशी विद्युत जोड) मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी नॅनोव्हीएनए लागत नाही.

जमिनीचा हा मुद्दा यंत्रावर फार छान दिसतो. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची काडी साधारण ४९ सेंटिमीटर भरते. ती टपाच्या मध्यावर असताना आलेखातला खड्डा (सर्वांत कमी शक्ती परत येते ती जागा) जिथे असतो, तिथून बेस कडेकडे सरकवत नेला की खड्डा हलतो आणि उथळ होतो. टपाचा मोठा भाग काचेचा असलेल्या नव्या गाड्यांमध्ये जागा निवडण्यासाठी हा प्रयोग अवश्य करावा. केबल मध्येच कुठे चेपली असेल तर तेही सापडते. ट्रान्सफॉर्मच्या मेनूत लो पास निवडून आरजी-५८ साठी व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला संकेताचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती) ६६ टक्के दिला, की दोष किती अंतरावर आहे ते पडदा दाखवतो. पूर्ण ९०० मेगाहर्ट्झचा पल्ला घेतल्यास अंतर वीतभराच्या आत कळते, आणि दरवाजात दबलेली जागा शोधायला तेवढे पुरते.

आता मर्यादा. श्रवणाच्या तक्रारींचा एक मोठा वर्ग गोंगाटाचा असतो आणि तिथे हे यंत्र मुके आहे, कारण ते हवेतला गोंगाट मोजत नाही. डॅशकॅम, सिगरेट लायटरच्या जागी बसवलेला मोबाइल चार्जर, नंतर बसवलेले एलईडी दिवे हे हल्लीचे नेहमीचे अपराधी. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी, एकेक वस्तू काढत जावे आणि कान संचाकडे ठेवावा. मग अँटेना काढून त्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावावा : गोंगाट थांबला तर तो अँटेनातून येत होता, तसाच राहिला तर बॅटरीच्या वायरीतून. याला पैसे पडत नाहीत आणि माझ्या मते मोजणीयंत्र विकत घेण्याआधी हीच चाचणी करावी.

दुसरी मर्यादा शहराची. स्कॅनर सगळे पट्टे घेणारा असल्याने जवळच्या एफएम केंद्राच्या शक्तीने त्याचा पुढचा टप्पा दबून जातो आणि दूरचे क्षीण संकेत नाहीसे होतात. संचातला अॅटेन्युएटर (येणारा संकेत मुद्दाम कमी करणारी सोय) लावल्यावर हवा तो आवाज उलट स्पष्ट झाला, तर निदान पक्के. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावावा. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर शहराकडचा संकेत गेला, तर तो डोंगराचा आडोसा आहे, केबलचा दोष नाही. तुलना करायची तर गाडी रोज त्याच जागी, त्याच दिशेला उभी करून आकाशवाणीच्या १०१ एफएमसारख्या कायम चालणाऱ्या केंद्रावर करावी.

ज्यांना फक्त एफएम ऐकायचे आहे आणि नवा स्टिरिओ बसवल्यापासून ते क्षीण झाले आहे, त्यांनी यातले काहीच घेऊ नये. मागच्या काचेतल्या किंवा शार्क फिन अँटेनात बहुधा छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज देणारी, साधारणपणे निळी, वायर स्टिरिओ बसवताना मोकळीच राहून जाते.

यंत्राच्या तक्रारी थोड्या आहेत, पण त्या कामात अडथळा आणतात. भर उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून पार्किंगची सावली शोधावी लागते. एसएमए कनेक्टर नाजूक आहेत; त्यावर थेट जड अडॅप्टर आणि गाडीची केबल लटकवण्यापेक्षा मध्ये वीतभर लवचीक केबल ठेवावी आणि ओपन, शॉर्ट, लोड (टोक मोकळे, जोडलेले आणि ५० ओहमचा रोध लावलेले) ही कॅलिब्रेशनची तीन पावले त्या केबलच्या टोकाशी करावीत. मोजणीचा पल्ला बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करणे चांगले. घाईत हे टाळल्यास आकडे दिसायला व्यवस्थित आणि प्रत्यक्षात निरर्थक येतात. संच प्रक्षेपण करत असताना त्याच्याशी हे यंत्र कधीही जोडू नये, क्षणात निकामी होईल.

एकाच गाडीसाठी, एकदाच लागणार असेल तर एखाद्या परवानाधारक मित्राकडून ते मागून आणावे. दोन-तीन गाड्या, घरच्या गच्चीवरचा अँटेना आणि केबल स्वतः बनवण्याची हौस असेल तर निःशंक घ्यावे. स्वस्त प्रतींपैकी काहींच्या आत पत्र्याचे शील्ड नसते, ते विक्रेत्याला आधी विचारून घ्यावे, आणि सोबत मिळणारा लोड दुकानातच मल्टिमीटरवर तपासावा. तो ५० ओहमच्या आसपास भरला नाही तर बदलून मागावा, कारण पुढची प्रत्येक मोजणी त्याच्यावरच उभी राहणार आहे.